विचारा गाडीचं : पॅड किती उरले, हे किलोमीटर सांगत नाहीत

पाऊस उघडला की इंदूरची मंडळी मांडू, महेश्वर, जाम गेटकडे गाड्या वळवतात आणि माझ्याकडे ब्रेकची पत्रं यायला लागतात. या वेळी वेगवान गाड्यांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या पत्रांचं मूळही त्याच्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१० सालची पोर्शे केमन आहे, सेकंडहँड घेतलेली. काळे कॅलिपर, साध्या लोखंडी डिस्क. गाडी फार चालत नाही. रविवारी सकाळी महू, जाम गेट, मंडलेश्वर करत महेश्वरला जातो नि परत येतो. पॅड बदलून बारा हजार किलोमीटरही झाले नाहीत, तरी डॅशबोर्डवर पॅडचा दिवा लागला. घरातल्या साध्या गाडीचे पॅड चाळीस हजार सहज जातात. सेन्सर बिघडला असेल का? एका गॅरेजने चारही चाकांचे पॅड, चारही डिस्क आणि सगळे सेन्सर बदलायला सांगितलेत. पॅड घरी बदलता येतील का?
— एक वाचक, साकेतनगर, इंदूर

उत्तर : सेन्सरवर संशय घेण्याआधी तुमचा रविवारचा रस्ता बघू. पॅड किलोमीटरवर झिजत नाहीत, उष्णतेवर झिजतात. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो, तो ब्रेक. त्याचं काम एकच, गाडीच्या गतीची उष्णता करायची आणि ती हवेत सोडायची. तुमची गाडी दोन माणसांसकट साधारण १,५०० किलोची धरा. ताशी १०० वरून ती पूर्ण थांबवली की ब्रेकमध्ये सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता उतरते. चहाच्या पातेल्यात पावणेदोन लिटर पाणी गॅसवर ठेवून उकळी यायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही, आणि ती तीन-चार सेकंदांत. वेग दुप्पट केलात, २०० वरून थांबलात, तर उष्णता चौपट होते.

आता घाट. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना समजा तुम्ही ३०० मीटर खाली आलात. वेग अजिबात न वाढवता, नुसता धरून ठेवायचा म्हटलं तरी ४,४०० किलोज्यूलची विल्हेवाट लागायला हवी. म्हणजे शंभरच्या वेगावरून साडेसात वेळा कचकचून थांबण्याइतकी. त्यातली काही हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते. खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखायला लावलीत तर आणखी बरीच कमी होते. पण तुम्ही वरच्या गिअरमध्ये वळणावळणाला ब्रेक मारत उतरत असाल, तर बाकी सगळी पॅडवर, त्यातही पुढच्या पॅडवर. घरातली साधी गाडी रोज पलासिया ते राजवाडा चाळीसच्या वेगात फिरते. तिच्या चाळीस हजारांशी तुमच्या बारा हजारांची तुलना होऊच शकत नाही. मी पिथमपूरला जड वाहनांच्या ब्रेकवर बरीच वर्षं काम केलं, मग देवास नाक्यावर गॅरेज टाकलं. ट्रक असो की केमन, गाडी वापरली कुठे हे मी आधी विचारतो, ओडोमीटर नंतर बघतो.

तेव्हा दिवा बहुतेक खराच आहे. त्याची रचना साधी आहे. पॅडच्या खाचेत प्लास्टिकची एक कळी बसवलेली असते आणि तिच्यात तारेचा वेढा असतो. पॅड झिजून दोन-अडीच मिलिमीटरवर आला की डिस्क त्या कळीला घासते, तार तुटते, दिवा लागतो. प्लास्टिक नुसतं घासलं असेल आणि आतली तार शाबूत असेल, तर तोच सेन्सर पुन्हा चालतो. तार उघडी पडली असेल तर तो बदलायचाच. कधीकधी वायर खडीने तुटते किंवा जोडात पाणी शिरतं आणि पॅड चांगले असताना दिवा लागतो. नक्की काय झालंय ते चाक काढून बघितल्याशिवाय कळत नाही. दिवा लागलेल्या गाडीने मात्र या रविवारी घाट उतरू नका.

बघायचं कसं, ते सांगतो. तुमच्या कॅलिपरला वरच्या बाजूला खिडकीसारखी मोकळी जागा आहे. चाक काढून तिच्यातून टॉर्च मारलात की दोन्ही पॅड कडेने दिसतात. प्रत्येक पॅडला दोन थर असतात. मागे पाच-सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. मोजायचा तो मसाला, पट्टी नाही. मी अशा गाड्या पाहिल्यात ज्यांच्या मालकाला ‘अजून आठ मिलिमीटर आहेत’ असं कुणीतरी सांगितलेलं होतं आणि त्या आठांतले सहा पट्टीचे होते. नव्या पॅडवर सहसा दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो. चारवर आला की नवे मागवायचे, तीनवर बदलायचे. कारखान्याची मर्यादा दोनपर्यंत असली तरी पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही. ती सरळ पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. घाट उतरणाऱ्याने शेवटचा मिलिमीटर वाचवायच्या भानगडीत पडू नये.

आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड मोजा. चाकाच्या आऱ्यांमधून बाहेरचा दिसतो म्हणून लोक तेवढाच बघतात. तुमच्या कॅलिपरला दोन्ही बाजूंनी पिस्टन आहेत, त्यामुळे दोन्हीकडची झीज जवळपास सारखीच हवी. एक पाच आणि दुसरा दोन असेल, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. एखादा पिस्टन अडकतोय. पिस्टनच्या तोंडावर रबरी टोपी असते, ती फाटली की आत धूळ-पाणी जातं आणि पिस्टन धरतो. पॅड एका टोकाला जास्त झिजून पाचरीसारखा झाला असेल, तर पॅड सरकण्याच्या कडांवर मळ साठलाय का ते बघा.

मग डिस्क. इथे त्या गॅरेजला एक प्रश्न विचारा : मोजली का? किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, कडेला किंवा मधल्या टोपीवर. ती बहुधा नव्या जाडीपेक्षा दोनच मिलिमीटर कमी असते. मायक्रोमीटरने डिस्कच्या गोलावर निरनिराळ्या जागी मोजून आकडे कागदावर लिहून मागा. साधा व्हर्निअर इथे फसवतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली उंच धार उरते, व्हर्निअरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. तुमच्या डिस्कना भोकं आहेत, भोकांच्या आसपास केसासारख्या बारीक रेषा दिसतील. उष्णतेने त्या येतात, घाबरू नका. पण एखादी भेग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत गेली असेल किंवा कडेपर्यंत पोचली असेल, तर डिस्क गेली. बदलायची झाल्यास त्याच आसाची जोडी बदलायची, एकच नाही. आकडे मर्यादेच्या बरेच वर असतील, तर चार डिस्क बदलायचं कारण मला दिसत नाही. मागच्या पॅडवर निम्मा मसाला शिल्लक असेल तर तेही राहू द्या. आणि आकडे द्यायला कुणी तयार नसेल, तर गाडी तिथून घेऊन या.

आता घरी बदलण्याबद्दल. या गाडीचं हे काम अवघड नाही, बऱ्याच साध्या गाड्यांपेक्षा सोपंच आहे. पण तुमच्याकडे सपाट पक्की जमीन, दोन मजबूत स्टँड आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा) असेल, तरच हात घाला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीचं चाक काढून आत डोकं घालणाऱ्याला मी माझ्या गॅरेजमधून बाहेर काढतो, मग तो कितीही जुना मिस्त्री असो. पहिल्या वेळी शेजारी जाणता माणूस उभा करा.

गाडी पूर्ण गार असू द्या. चाकाचे बोल्ट जमिनीवरच ढिले करा, मग गाडी स्टँडवर घ्या. पुढच्या डिकीत काचेपाशी कव्हरखाली ब्रेक ऑइलची टाकी आहे, तिची पातळी बघा. पिस्टन मागे ढकलले की ऑइल टाकीत परत येतं. टाकी काठोकाठ असेल तर ते उतू जाऊन रंगावर सांडतं आणि ब्रेक ऑइल रंग अक्षरशः सोलून काढतं. म्हणून आधी स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या आणि कडेला ओलं फडकं ठेवा. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

कॅलिपर काढावा लागत नाही. पॅड धरून ठेवणारी एक आडवी पिन आहे आणि तिच्याखाली दाबाची स्प्रिंग. पिनेच्या टोकाची क्लिप काढा, स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरा आणि पिन पंचने हलके ठोके देऊन बाहेर घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण ती स्प्रिंग उडते. पिन, क्लिप, स्प्रिंग नवीनच बसवा. गाडीच्या मानाने त्यांची किंमत काहीच नाही आणि गंजलेली पिन पुढच्या वेळी अख्खी दुपार खाते. सेन्सरची कळी पॅडमधून सरळ ओढून काढा, वायरला धरून ओढू नका.

पॅड वर सरकत नसेल तर हातोडी घेऊ नका. कंपनीच्या पॅडच्या पाठीला कंपन मारणाऱ्या तबकड्या असतात. त्या पिस्टनच्या पोकळीत बसतात आणि पॅडला चिकटलेल्या असतात. पातळ पात्याचा खरवडणा पॅड आणि तबकडी यांच्यामध्ये हळूहळू घातला की सुटतं. पिस्टन मागे घेताना जुना पॅड मध्ये ठेवून रुंद, सपाट हत्याराने सारखा दाब द्या. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिस्टनवर किंवा रबरी टोपीवर लागू देऊ नका. एका बाजूचे दोन्ही पॅड एकदम बाहेर काढू नका. एक पिस्टन दाबताना समोरचा बाहेर येतो, त्याला अडवायला तिथे पॅड हवाच.

आतली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका. ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर मारून फडक्याने पुसा. पॅडच्या लोखंडी कडा जिथे कॅलिपरवर सरकतात तिथे ब्रेकसाठीचं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाइतकं. मसाल्यावर किंवा डिस्कवर ग्रीसचा डाग पडला तर तो पॅड फेकायचा. पॉलिश पेपरने घासून तो सुधारत नाही, मसाल्यात तेल आत मुरलेलं असतं.

मागच्या चाकांबद्दल एक सोय आहे. तुमच्या केमनचा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या टोपीत वेगळ्या ड्रमवर चालतो, त्यामुळे मागचे पॅड पुढच्यासारखेच निघतात. बटणाच्या हँडब्रेकवाल्या अनेक नव्या गाड्यांत मोटर कॅलिपरवरच असते. तिथे स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन ढकललात, तर आतला स्क्रू मोडतो. बाकीचे वाचक हे वाचून स्वतःच्या गाडीला हात घालणार असतील, तर त्यांनी आधी हे तपासावं.

चाक बसवून बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरचे आवळा. या पिढीच्या केमनला १३० न्यूटन मीटर. आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल हळूहळू, वर येऊन घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे आहेत, पहिलं पेडल सरळ जमिनीला टेकेल. हे न करता गाडी सुरू करून रिव्हर्समध्ये टाकली तर मागे जे असेल त्याच्यावर आदळणार. मग ऑइलची पातळी पुन्हा बघा.

नवे पॅड लावून थेट जाम गेटला निघू नका. पॅडसोबत कंपनीचा कागद असेल तर त्यातलंच करा. नसेल तर पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ऐंशीवरून तीसपर्यंत मध्यम ब्रेकने आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबायचं नाही. दोन ब्रेकच्या मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. शेवटी काही किलोमीटर ब्रेकला हात न लावता चालवून गार करा. यात पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि पकड त्या थरामुळे येते.

प्रश्न : गेल्या महिन्यात धामनोदकडे जाताना गणपती घाट उतरत होतो. गाडी जर्मन, ताकदीची, पॅड सहा महिन्यांपूर्वीचे. खाली येता येता पेडल स्पंजसारखं झालं आणि दोनदा पंप केल्यावरच ब्रेक लागला. खाली थांबून अर्धा तास गेला नि सगळं नीट. गॅरेजने पॅड बघून ‘काही नाही’ म्हटलं.
— एक वाचक, देवास

उत्तर : ‘काही नाही’ नाही. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी जातो आणि पायाला दोन्हींतला फरक कळतो. पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, तुम्ही जोर लावताय, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय : पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापलेत. पेडलच खाली जातंय, मऊ लागतंय, पंप केल्यावर वर येतंय : ऑइलमध्ये वाफ झालीय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. गार झाल्यावर वाफेचं परत द्रव होतं आणि गॅरेजमध्ये सगळं ठीक दिसतं. म्हणूनच हा दोष निसटतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी उभी असली तरी. उभ्या गाडीचं ऑइलही पाणी पितं. डॉट ५ हे नाव ५.१ सारखं वाटतं, पण ते सिलिकॉनचं आहे. ते तुमच्या गाडीत अजिबात घालू नका.

पॅड नवे होते म्हणून ऑइलकडे कुणी बघितलं नसणार. आज जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. आणि उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणा, ऑटोमॅटिक असेल तर हाताने. गणपती घाटात ब्रेक गेलेले ट्रक आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्या अपघातांत माणसं गेली आहेत. मी त्या ट्रकांचे पॅड, ड्रम, लायनर हातात घेतलेत. वर सुरुवातीलाच गिअर उतरवला असता तर त्यांतल्या कितीतरींवर ती वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे. गाडी कितीही महागडी असली तरी पदार्थविज्ञान तिला सूट देत नाही. उतरताना पाय सतत पेडलवर टेकवून ठेवू नका. थोडा वेळ नीट दाबा, वेग खाली आणा, पाय पूर्ण उचला, डिस्कला हवा लागू द्या.

प्रश्न : काका, बाबांची मस्टँग आहे. बायपासवर शंभरच्या पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. सगळे म्हणतात डिस्क वाकली, खराद मारून (लेथवर सपाट करून) घ्या. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला हे पटत नाही. लोखंडाची एवढी जाड डिस्क अशी कशी वाकेल?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बेटा, शंका बरोबर आहे. डिस्क खरंच वाकल्याची उदाहरणं कमीच मिळतात. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका फरक असतो, पण पॅड त्याच्यावरून जाताना दाब कमी-जास्त होतो आणि तो तुझ्या हातापर्यंत पोचतो.

फरक येतो कसा, तर बाबांना एवढंच विचार : जोरात ब्रेक मारून गाडी थांबल्यावर सिग्नलला पेडल दाबून ठेवता का? तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून राहिला की त्याचा मसाला तिथे उतरतो. पॅडच्या आकाराचा निळसर-काळा ठसा काही वेळा डोळ्यांनीही दिसतो. तो भाग पुढे जास्त तापतो, कडक होतो आणि वेगळा झिजतो. त्यामुळे जोरात थांबल्यावर सपाट जागेवर पाय हलका करायचा, थोडं पुढे सरकत राहायचं. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेकही ओढायचा नाही. मुलं महेश्वरहून आली की तापल्या चाकांवर लगेच प्रेशरचं पाणी मारतात, तेही नको.

खराद मारण्याआधी डिस्क काढून हबची बैठक तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा असेल तर नवी डिस्कही डुगडुगते. मग डायल गेज (डिस्क किती डुगडुगते ते मोजणारं) लावून फिरवा. तू इंजिनिअरिंगला आहेस, हे तू स्वतः कर. आकडा जास्त आला आणि जाडी मर्यादेत असेल, तर डिस्क गाडीवरच ठेवून खराद मारणारं मशीन बरं पडतं. जाडी कमी असेल तर डिस्क बदला. पॅड त्यासोबत नवे लागतीलच, जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात.

प्रश्न : पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात गाड्या पळवण्याचा कार्यक्रम असेल तर जायचा विचार आहे. रेसिंगचे पॅड ऑनलाइन स्वस्त मिळतायत. तेच कायमचे लावून ठेवू का? रस्त्यावर तर आणखी चांगले चालतील ना?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : नाही. रेसिंगचा मसाला तापल्यावर पकडतो. सकाळी घरातून निघून पहिल्याच चौकात मुलगा आडवा आला, तर तुमचा पॅड गार असेल आणि गाडी नेहमीपेक्षा पुढे जाईल. शिवाय तो किंचाळतो आणि डिस्क खातो. रस्त्यासाठी रस्त्याचेच पॅड.

नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार पट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यावर वेग प्रचंड, पण ब्रेक कमी वेळा लागतो. वळणावळणाच्या रेसट्रॅकवर चित्र उलटं असतं. पण नॅट्रॅक्सवर लागणारा एकेक ब्रेक किती वेगावरून लागतो ते बघा. वर चौपटीचा हिशोब दिलाय. जाण्याआधी पॅडवर निम्म्याहून जास्त मसाला, ऑइल नवं आणि डिस्कला भेगा नाहीत, एवढं पक्कं करा.

स्वस्त मिळतायत, याची मला जास्त काळजी वाटते. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर खुणा छापलेल्या असतात, त्यात दोन इंग्रजी अक्षरांची जोडी शोधा, एफएफ किंवा जीजी अशी. पहिलं अक्षर गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. युरोपात विकल्या जाणाऱ्या रस्त्याच्या बदली पॅडवर ईसीई आर-९० या नियमाची मान्यता असते. खोका चकचकीत आणि पॅडवर काहीच छापलेलं नाही, किंवा छपाई नखाने खरवडली जाते, तर तो पॅड गाडीला लावू नका. मसाला पट्टीपासून सुटून आलेले बनावट पॅड मी पाहिलेत. तेव्हा पेडल दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासतं.

तुमचे कॅलिपर पिवळे असतील आणि डिस्क करड्या सिरॅमिकच्या, तर डिस्क-पॅडबद्दलचं वरचं बरंचसं लागू नाही. पोर्शेने २००१ मध्ये आणलेल्या त्या कार्बन-सिरॅमिक डिस्कना त्यांचेच पॅड लागतात. त्यांची झीजही नुसत्या जाडीवरून ठरवत नाहीत. चाक काढताना रिम डिस्कच्या कडेला आदळली तर तिचा टवका उडतो, म्हणून बोल्टच्या भोकात लांब गाइड पिन लावूनच चाक ओढा.

प्रश्न : पॅड बदलताना सिरिंजने काढलेलं जुनं ब्रेक ऑइल काय करायचं? गटारात ओतलं तर चालतं का?
— एक वाचक, महू

उत्तर : गटारात नाही, झाडाच्या आळ्यातही नाही. झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वर मार्करने ‘ब्रेक ऑइल, विष’ असं मोठ्या अक्षरांत लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच भरू नका. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, जुनं इंजिन ऑइल घेणारे मग तेही घेत नाहीत. इंदुरात कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे सांगून द्या. महूला तशी सोय जवळ नसेल तर ज्या गॅरेजमध्ये तुमच्या ब्रेकची हवा काढून देतात त्यांच्याकडे बाटली सोपवा, त्यांच्याकडे ड्रम असतो. टाकीत परत मात्र ते ओतायचं नाही, कितीही स्वच्छ दिसत असलं तरी. वर भर घालायची ती सीलबंद नव्या डब्यातली, आणि उघडून ठेवलेला उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचा नाही.